इन्सेंटिव्ह चालू केला आणि रिजेक्शन वाढलं : भोसरीतल्या एका मशीन शॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं एक मशीन शॉप. कायमचे, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टरची पोरं धरून साठेक माणसं, दोन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. मुख्य काम म्हणजे पंपाच्या हाउसिंगचं, बिडाचं कास्टिंग येतं, त्याचं बोरिंग-फेसिंग (आतलं भोक आणि तोंड मापात कापणं) करून पुढे द्यायचं. मी अशा छोट्या कंपन्यांचं एचआर बाहेरून बघतो, त्यातली ही एक. ओळख पटू नये म्हणून पार्ट आणि काही आकडे बदललेत, गणिताचं प्रमाण मात्र तेच ठेवलंय.

सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) टर्निंग मशीन्स, त्यातली चार जुनी, दोन नवी. जुने ऑपरेटर बरेचसे लातूर-बीड-सोलापूरकडचे, आयटीआय करून आले आणि इथेच राहिले, सात-आठ वर्षं एकाच मशीनवर. नवी मशीन्स आली तेव्हा त्यांच्या कंट्रोलरवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, हात बसलेली दोन माणसं चाकणहून आणली, आणि चाकणचा रेट वेगळा असल्यामुळे त्यांना जुन्यांपेक्षा साडेतीन हजार जास्त द्यावे लागले. मालकांना वाटलं हे कुणाला कळणार नाही. असं कधी होतं का? पगाराच्या स्लिपचा फोटो आठवड्याभरात सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर होता.

जुनी मंडळी ऑफिसात आली. मालक म्हणाले, सगळ्यांचं बेसिक वाढवणं आत्ता परवडत नाही, पण जो कष्ट करेल त्याला जास्त मिळेल अशी सोय करतो. त्यातून स्कीम निघाली : शिफ्टला ७५ पीसचं टार्गेट, वरच्या प्रत्येक पीसला ८ रुपये, शिवाय महिन्याचा बेस्ट ऑपरेटर, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, प्रॉडक्शन कमी पडत होतं म्हणून ही स्कीम आलीच नव्हती, पगारातल्या फरकाची तक्रार मिटवायला आली होती.

अडचण काय झाली

पहिले दोन महिने आकडे वर गेले, मालक खूश. मग कस्टमरच्या इनकमिंगला (आलेला माल तपासतात तिथे) एक लॉट अडकला, बोर म्हणजे आतलं भोक अंडरसाइज, माप तपासायच्या प्लग गेजचं गो टोक आतच जाईना. सगळा माल बाजूला, इकडची दोन माणसं तिकडे जाऊन एक-एक पीस चेक करत बसली, वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात. आतलं रिजेक्शन दोन टक्क्यांच्या आसपास असायचं ते पाचच्या वर गेलं, आणि त्यातही दुसऱ्या शिफ्टचं जास्त. छोटे लॉट कुणी घ्यायला तयार नाही, पडून राहायला लागले. जुने ऑपरेटर ओव्हरटाइमला थांबेनात.

मला फोन आला तो असा : "पोरांना मोटिव्हेशनच नाही हो. बोनस वेळेवर देतो, दिवाळीला मिठाईचा बॉक्स देतो, आता इन्सेंटिव्ह पण दिला. एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलवू का?"

म्हटलं थांबा, आधी मला मशीनजवळ उभं राहू द्या.

शॉप फ्लोअरवर काय दिसलं

आधी साधं गणित. पहिली शिफ्ट सात ते साडेतीन, जेवण आणि दोन चहा वजा केले तर ४६० मिनिटं उरतात. नव्या मशीनवर सायकल आणि लोडिंग धरून पीसला पाच मिनिटं, म्हणजे जास्तीत जास्त ९२ पीस. टाइम स्टडी (एका पीसला किती वेळ लागतो याची मोजणी) तिथेच झाला होता, नव्या मशीनवर, नव्या माणसावर, आणि ९२ वरून खाली आणून ७५ ठरवले म्हणून सगळ्यांना ते टार्गेट उदार वाटलं. जुन्या मशीनवर तोच पीस पावणेसहा मिनिटांचा. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी ८०, आणि सुरळीत कधी चालायचं नाही, कारण एका मशीनचा टरेट (हत्यारं बसवलेला फिरता भाग) मध्येच अडकायचा, अलार्म यायचा, रिसेट मारा, होम घ्या, पुन्हा सुरुवात. त्यात सेटिंग बदललं तर ते दोन तास पण ऑपरेटरच्याच खात्यावर. जुन्या मशीनवाला दिवसभर मान मोडून ७० ते ७२ वर थांबायचा. इन्सेंटिव्ह शून्य.

नव्या मशीनवाले आरामात ८६ काढायचे, म्हणजे रोजचे ८८ रुपये, महिन्याला सव्वादोन हजारांच्या पुढे. आता बघा, पगारात साडेतीन हजारांचा फरक होता म्हणून स्कीम आणली आणि स्कीममुळे तो फरक पावणेसहा हजार झाला. बेस्ट ऑपरेटरचा फोटो पण दर महिन्याला त्या दोघांपैकीच एकाचा.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या स्टेसी अॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये समन्यायाचा सिद्धांत मांडला तो नेमका हाच. माणूस नुसता आपला पगार बघत नाही, मी किती घालतोय आणि मला किती मिळतंय याचं प्रमाण शेजारच्याच्या प्रमाणाशी लावून बघतो. ते जुळलं नाही की तो काहीतरी करून तोल साधतो, जास्त मागतो, किंवा हात आखडतो, किंवा सोडून जातो. जुन्या मंडळींनी मागून बघितलं होतं, मिळालं नाही, मग हात आखडले. यात आळस कुठे आला?

व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये अपेक्षा सिद्धांत मांडला, त्याचं गणित इथे अजून सरळ बसतं. मी जोर लावला तर काम होईल का, काम झालं तर बक्षीस मिळेल का, आणि त्या बक्षिसाची मला किंमत आहे का, या तिन्हींचा गुणाकार. बेरीज नाही, गुणाकार. टरेट अडकणाऱ्या मशीनवर पहिलाच आकडा शून्य, मग पुढे ८ रुपये ठेवा नाहीतर ८० ठेवा.

आता रिजेक्शनचं. बोरिंगची टिप, म्हणजे धातू कापणारा छोटा तुकडा, झिजली की बोर बारीक यायला लागतो. टिप फिरवायची, ऑफसेट (मापातला फरक) मशीनला द्यायचा, एक पीस काढून बोअर गेजने मोजायचा, यात पाच-सहा मिनिटं जातात, म्हणजे एक पीस गेला. तसंच दर पाचव्या पीसला गेज लावायचा नियम होता, तो पण वेळखाऊ. स्कीम नग मोजत होती, चांगला-वाईट मोजत नव्हती, त्यामुळे नव्या मशीनवर टिप ताणली जायची आणि गेज रॅकवरच राहायचा. मी उभा असताना एका जुन्या ऑपरेटरने, सगळे त्याला मामा म्हणतात, शेजारच्या नव्या मशीनवरचा पीस उचलला, बोरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाला, "टिप गेलीय याची, आवाजावरनं पण कळतंय की." मग पीस परत ठेवला आणि आपल्या मशीनवर गेला. त्या पोराला सांगायला गेला नाही. आधी सांगायचा, सुपरवायझरनेच मला नंतर सांगितलं. वैयक्तिक इन्सेंटिव्हने हे असं झालं होतं, शेजारच्याचं रिजेक्शन हा आता आपला प्रश्न राहिला नव्हता.

स्टीव्हन कर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये यावरच लेख लिहिला, की बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि आशा भलत्याच गोष्टीची करायची हा मूर्खपणा कंपन्या सर्रास करतात. भोसरीत बक्षीस नगाला होतं आणि आशा क्वालिटीची.

मग दुसऱ्या शिफ्टचं जास्त का? मालकांचं म्हणणं, रात्री पोरं झोपतात. खरं कारण असं निघालं की टिप स्टोअरमधून घ्यायला सुपरवायझरच्या सहीची स्लिप लागायची आणि स्टोअर संध्याकाळी सहाला बंद. दुसरी शिफ्ट साडेतीन ते बारा. म्हणजे सहानंतर जी टिप हातात आहे तिच्यावरच बारा वाजेपर्यंत ओढायचं. महागडी टिप कुणी बाहेर विकू नये म्हणून हा नियम कधीतरी केला होता आणि नंतर त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

अजून एक मजेशीर प्रकार. नवे ऑपरेटर ८६ ला थांबायचे, तीनला मशीन पुसून उभे, अर्धा तास शिल्लक असताना. विचारलं तर हसले. मग एकजण म्हणाला, "साहेब, नव्वद काढले तर पुढच्या महिन्यात टार्गेट ८५ होणार, एवढं तर आम्हाला पण कळतं." शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये बँक वायरिंग रूममधल्या (टेलिफोन स्विचचे संच, म्हणजे 'बँक', जोडायची खोली) १४ कामगारांचं निरीक्षण केलं होतं, तिथेही हेच. गटाने मनातल्या मनात दिवसाचा आकडा ठरवलेला, आणि कुणी त्याच्या वर गेला तर दंडावर गुद्दा बसायचा. हॉथॉर्न म्हटलं की लोकांना दिवे कमी-जास्त केल्याचा प्रयोगच आठवतो, पण कारखान्यात काम करणाऱ्याला ही वायरिंग रूमच जास्त उपयोगाची आहे असं माझं मत.

कोणते पर्याय समोर होते

मालक, त्यांचे अकाउंटंट, प्रॉडक्शन मॅनेजर आणि मी बसलो. मालकांच्या लॅपटॉपवर माणसाच्या गरजा पायऱ्यांनी दाखवणाऱ्या मास्लोच्या पिरॅमिडची स्लाइड होतीच. त्यांचं म्हणणं, कामगार खालच्या पायरीवर आहे, त्याला पैसाच कळणार. मास्लोचा मूळ लेख १९४३ चा, त्यात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते नंतर दुसऱ्यांनी काढलं, आणि एक गरज पूर्ण भागल्याशिवाय पुढची जागीच होत नाही असं तो पण म्हणत नाही. पण तो वाद सोडा. ज्या मशीनने वर्षभर इन्सेंटिव्ह बुडवला तेच मशीन खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा रॉकेलचा बोळा घेऊन तास-दीड तास घासत बसले होते, झेंडूची माळ स्वतःच्या पैशाची. याला फक्त पैसा कळतो असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पहिला पर्याय अकाउंटंटचा, ८ चे १२ रुपये करू. म्हणजे जिथे आधीच जास्त जातंय तिथेच अजून जाणार आणि टिप अजून ताणली जाणार. हा लगेच बाद झाला.

दुसरा प्रॉडक्शन मॅनेजरचा, रिजेक्शनचे पैसे पगारातून कापू. इथे कायदा आडवा येतो, दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही आणि नुकसानीची कपात करायची तरी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे चालणार नव्हतं. धातूच्या चिप्सच्या (कापून निघालेल्या कचऱ्याच्या) ट्रॉलीत खाली दाबलेले पीस आधीच सापडत होते. पैसे कापायला लागलो असतो तर रिजेक्ट पीसचं लाल बिन एकदम रिकामं दिसलं असतं आणि ट्रॉली जड झाली असती.

तिसरा, स्कीम बंद करून टाकू. मालकांना हा मनापासून आवडला होता. पण तारीख बघा, दसरा तोंडावर. दिवाळीच्या आधी हातातले पैसे काढून घेतले तर ती गोष्ट पुढची पाच वर्षं चहाला निघणार. शिवाय त्या दोघांनी काही चूक केली नव्हती, कंपनीने सांगितलं ते केलं.

चौथा, गटाचा इन्सेंटिव्ह, फक्त ओके पीसवर. सहाही मशीन्सचा मिळून एक पूल. यात धोका असा की एखादा दुसऱ्यांच्या जिवावर बसून खातो.

पाचवा कुणालाच नको होता : जुन्यांचा पगार दुरुस्त करायचा. मालक म्हणाले, "असं केलं तर मी चुकलो हे मान्य केल्यासारखं होईल, उद्या अजून मागतील." या मुद्द्यावर मीटिंग सगळ्यात जास्त लांबली. मी हर्झबर्गचा आधार घेतला. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये सांगितलं की पगार, नियम, सुपरविजन या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण नीट असल्या म्हणून तो पेटून उठत नाही. त्या दोनशेत मशीनवर उभा राहणारा कुणी नव्हता, म्हणून हा सिद्धांत शॉप फ्लोअरवर जसाच्या तसा चिकटवू नये. तरी इथे तो मालकांच्या एका प्रश्नाचं उत्तर देत होता, बोनस आणि मिठाई देऊनही कृतज्ञता का नाही. किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याचाच आहे, तो दिल्याबद्दल कुणी नाचणार नाही, न दिल्यास मात्र गेटवर बसतील. तसंच पगारातली तफावत काढून उत्साह येईल असं नाही, पण ती राहिली तर वर कुठलीही स्कीम ठेवा, लोक तिच्याकडे संशयानेच बघणार.

काय केलं

सगळ्यात आधी पैशाला हात न लावता टिपचा नियम बदलला. प्रत्येक मशीनजवळ टिपचा छोटा बॉक्स, टिप कधी बदलायची हे ऑपरेटर ठरवणार, जुनी टिप बॉक्समध्ये परत टाकायची आणि आठवड्याला हिशोब. सुपरवायझर नाराज झाला, त्याची सही गेली म्हणून, आणि ते स्वाभाविक होतं, कारण त्या सहीशिवाय त्याच्या हातात फारसं काही नव्हतंच. त्याला सेटिंगचं प्लॅनिंग दिलं तेव्हा जरा निवळला.

मग टरेट. त्यासाठी मशीन चार दिवस बंद ठेवावं लागणार होतं आणि प्रॉडक्शन मॅनेजर वर्षभर हेच टाळत होता. दिवाळीच्या सुट्टीला जोडून ते उरकलं.

जुनी स्कीम दिवाळीपर्यंत तशीच ठेवली, आणि नव्या ऑपरेटरना लिहून दिलं की पुढचे तीन महिने तुमच्या इन्सेंटिव्हची सरासरी मिळेल. नोव्हेंबरपासून नवी पद्धत : टार्गेट मशीनप्रमाणे वेगळं, सेटिंगचा वेळ वजा, फक्त ओके पीस, आणि पैसे सहा जणांच्या पूलमध्ये. टार्गेट एक वर्ष बदलणार नाही, मशीन किंवा प्रोसेस बदलली तरच नवा टाइम स्टडी, आणि तो होताना ऑपरेटरांतला एक माणूस शेजारी उभा असणार. हे मालकांच्या सहीने नोटीस बोर्डावर लावलं, बेस्ट ऑपरेटरच्या फोटोच्या जागी.

पगाराची दुरुस्ती दोन हप्त्यांत, अर्धी दिवाळीनंतर, अर्धी एप्रिलमध्ये. पूर्ण साडेतीन हजार भरून निघाले नाहीत, पाचशेचा फरक ठेवला, नवा कंट्रोलर येतो म्हणून. पण तोच कंट्रोलर शिकायला जुन्यांपैकी दोघांना पहिल्या दिवसापासून बसवलं, शिकलास की ते पाचशे तुझे. लोकांना फरक चालतो, तो कशाचा आहे आणि आपल्याला तिथे पोचता येईल का हे दिसलं पाहिजे.

निकाल

तीन महिन्यांत रिजेक्शन पुन्हा दोन टक्क्यांच्या आसपास आलं. एकूण नग स्कीमच्या सुरुवातीच्या महिन्यांइतके कधी गेले नाहीत, ओके नग मात्र जास्त. एका पार्टमध्ये अजून ब्लो होल (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या) निघतात, ते कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीकडचं, तिथे ऑपरेटर काय करणार.

पण मला स्वतःला यातला एकच आकडा महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या शिफ्टचं जादा रिजेक्शन जवळपास संपलं ते नोव्हेंबरच्या आधी, म्हणजे फक्त टिपचा बॉक्स आल्यावर, तेव्हा ना पगार बदलला होता ना स्कीम. ज्याला मालक वर्षभर मोटिव्हेशनचा प्रॉब्लेम म्हणत होते त्यातला मोठा हिस्सा कुलपाचा प्रॉब्लेम होता. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा स्वनिर्णयाचा सिद्धांत स्वायत्तता, कौशल्याची जाणीव आणि आपलेपणा या तीन गरजा सांगतो, त्या भाषेत बोलायचं तर टिप कधी बदलायची हा निर्णय परत मिळणं म्हणजे स्वायत्तता, ठीक आहे. पण मला वाटतं स्वायत्ततेच्या आधी हा साध्या सोयीचा मुद्दा होता.

दोन नव्या ऑपरेटरपैकी एक फेब्रुवारीत सोडून गेला. हमी संपल्यावर त्याचे महिन्याला हजारेक रुपये कमी झाले आणि तो स्पष्ट बोलला, मी ८६ काढणार आणि पैसे सहा जणांत वाटणार, मला काय मिळालं? त्याचं चुकीचं नव्हतं. त्याच्या जागी कंट्रोलर शिकलेला जुना माणूस उभा राहिला. पूलमध्ये फुकट खाणारा निघेल ही भीती होती, तसा एक निघाला पण, तक्रार ऑफिसपर्यंत आली नाही, चहाच्या वेळी बाकीच्यांनीच त्याचा विषय घेतला. मामा आता दुसऱ्याच्या मशीनजवळ जाऊन टिप गेलीय म्हणून ओरडतात.

वेगळं काय करता आलं असतं

चाकणहून माणसं घेतानाच आतल्या पगारांचा तक्ता समोर ठेवायला हवा होता. बाजारभावाने माणूस आणणं चूक नाही, पण त्या दिवशीच कंपनीने दोन पगार जाहीर केल्यासारखं होतं आणि त्याचं उत्तर तयार पाहिजे. टाइम स्टडी सगळ्यात वाईट मशीनवर आधी घेतला असता तर ७५ चा आकडा पहिल्याच दिवशी पडला असता. आणि टिपचा बॉक्स आणि स्कीममधला बदल यांच्यात अजून अंतर ठेवलं असतं तर कशाने किती फरक पडला हे जास्त स्वच्छ कळलं असतं, पण कस्टमरची डेबिट नोट टेबलावर असताना मालकाला थांबा म्हणणं अवघड.

राहिलेला सगळ्यात मोठा मुद्दा हेल्परांचा. पीस चढवणं, उतरवणं, कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कूस) काढणं हे कॉन्ट्रॅक्टरची पोरं करतात आणि पूल फक्त सहा ऑपरेटरांचा. कायमच्या माणसांचं आधी निस्तरू, कॉन्ट्रॅक्टरचं नंतर, असं ठरलं तेव्हा ते सोयीचं होतं. डिसेंबरच्या पगाराला एका हेल्परने ऑपरेटरला विचारलं, "दादा, पीस तर मीच चढवतो ना?" आणि त्या ऑपरेटरने स्वतःच्या वाट्यातले दोनशे रुपये त्याला दिले, पुढच्या महिन्यात दुसऱ्यानेही दिले. एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होताना हेल्परांना पूलमध्ये घ्यायचं असं मालक म्हणतायत. कॉन्ट्रॅक्टरचा पहिला प्रश्न आलाय, त्या रकमेवरचा पीएफ-ईएसआयचा भार कुणी उचलायचा, आणि त्यावर अजून बोलणं चालू आहे.